शिंगवाल्या घुशीचे हात

तुळशी गेली तेव्हा ती घूस गोणपाटाखाली होती. धड झालेलं, डोकं झालेलं, पुढचे दोन हात झालेले. शिंगं करायची राहिली होती.

आमचा गणपतीचा कारखाना अलिबागजवळ थळला आहे. कारखाना म्हणायची पद्धत, आहे पत्र्याची शेड. मी हे काम पेणला शिकलो आणि लग्न झाल्यावर इथे येऊन स्वतःचं सुरू केलं. तुळशी माणगावकडची, भातशेतीवाल्यांची मुलगी. शाडू तिने इथे आल्यावरच हातात घेतला. मी गणपती करायचो, ती उंदीर करायची. बाकीचे लोक उंदीर साच्यातून काढतात. आमच्याकडे लहानात लहान मूर्तीचा उंदीरही हाताने व्हायचा, कारण तुळशीला साच्यातले आवडत नसत. म्हणायची, "सगळे एकाच आईचे दिसतात."

तिचा उंदीर मागच्या पायांवर बसलेला असे. पुढचे दोन्ही हात छातीशी, हातांत मोदक, मान वर करून देवाकडे बघणारा. कोळीवाड्यातली माणसं मूर्ती ठरवायला आली की आधी वाकून उंदीर बघायची, मग वर गणपतीकडे.

दिवाळीनंतर आमच्याकडे काम नसतं. त्या दिवसांत शिवानी आली. काशीदजवळ एका संस्थेने मुलांसाठी दालन बांधायला घेतलं आहे. पृथ्वीवरून नाहीसे झालेले प्राणी तिथे मांडायचे आहेत. शिवानी जुन्या हाडांचा अभ्यास केलेली मुलगी, ती ते काम बघते. मोठे प्राणी त्यांना तयार मिळाले होते. एक लहान प्राणी मात्र कुठे मिळेना. तो आम्ही मातीत करून द्यायचा, त्यावरून ते साचा घेणार, असं ठरवायला ती आली होती.

तिने एका कवटीचा आणि पुढच्या पंजांच्या हाडांचा फोटो दाखवला. पुढचे दात उंदरासारखे. नाकाच्या हाडावर, डोळ्यांच्या पुढे, दोन शिंगं. शेजारी शेजारी, सरळ वर आलेली.

"घुशीसारखा दिसत असेल, पण घुशीपेक्षा मोठा," ती म्हणाली. "मांजराएवढा धरा, अंगाने रुंद. अमेरिकेत राहायचा, जमिनीत बिळं करून. लाखो वर्षांपूर्वी संपला. आपल्याला फक्त हाडं मिळाली आहेत. कुरतडणाऱ्या प्राण्यांत शिंगं असलेले एवढेच."

आमच्याकडे कृष्णाबाई माती तिंबायला येते. कोळीण आहे, माझ्याहून मोठी. आपली सुकट वाळत घातली की इकडे येते. ती मागून डोकावली.

"घुशीला शिंगं कशाला गो? बीळ खणायला?"

"नाही मावशी. खणायचा पुढच्या पायांनी. ही नखं बघा केवढी आहेत. शिंगं बहुतेक कोणी अंगावर आलं तर."

"आन मादीला?"

"मादीलाही तेवढीच. नर कुठला, मादी कुठली, शिंगांवरून कळत नाही."

"बेस हाय. तुळशे, ऐकलंस गो? आपल्याच येळेला देव इसरला."

तुळशी हसली नाही. ती फोटो जवळ धरून बघत होती. "मी करते," ती म्हणाली. "उंदीर माझं काम आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शिंगं तुम्ही करा. सुळे तुम्हीच करता ना."

तिने तारेचा सांगाडा माझ्याकडून वाकवून घेतला, त्यावर काथ्या गुंडाळला आणि माती चढवायला लागली. काम करताना ती माहेरच्या गोष्टी सांगे. भात कापून झालं की तिकडची पोरं बांधातली बिळं खणायची. आत हातभर गेलं की उंदरांनी साठवलेल्या लोंब्या मिळायच्या. ती पोरं वाटून घ्यायची. "माझा हात बारीक, म्हणून मलाच आत घालायला लावायची," ती म्हणाली. "चावायचे हो. पण मी ओरडत नसे. ओरडलं की वाटा कमी मिळायचा."

पौषात एका सकाळी तिच्या छातीत दुखलं. अलिबागला नेलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. संध्याकाळी तिला घरी घेऊन आलो, पण ती गेलेली होती.

सुतकात आमच्याकडे मातीला हात लावत नाहीत. मी शेडकडे फिरकलोसुद्धा नाही. घरात माणसं होती, मुलगी दिशा नवी मुंबईहून आलेली होती, जावई होते. मला त्या दिवसांतलं फार आठवत नाही. तेरावा झाला, माणसं गेली, तेव्हा मी शेड उघडली. ती माती एव्हाना तडकून तारेवरून सुटली असणार हे मला माहीत होतं. शाडू दोन दिवस उघडा राहिला तरी भेगा पडतात. मी गोणपाटाला हात लावला तर ते ओलं होतं.

कृष्णाबाई दारातच उभी होती.

"सुतक तुला. मला काय?" ती म्हणाली. "रोज पानी मारलं."

"कशाला?"

"मंग काय सुकू देऊ? तिचं झालं नव्हतं अजून."

त्या दिवसापासून पाणी मी मारू लागलो. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, शेडमध्ये जायचं, तांब्याने गोणपाट भिजवायचं. दुपारी पुन्हा बघायचं. शाडूचं असं आहे की काम चालू असेपर्यंत तो ओला ठेवावा लागतो. एकदा सुकला की त्याला नवी माती धरत नाही. जोडलेलं गळून पडतं. म्हणून सुकू देणं म्हणजे काम संपलं म्हणणं. मला ते म्हणायचं नव्हतं. आणि शिंगं करायला बसावंसंही वाटत नव्हतं, कारण शिंगं केली की संपलंच असतं.

गोणपाट काढलं की मी त्या घुशीला थोडा वेळ बघत असे. पाठीवर तुळशीच्या अंगठ्याचे ठसे होते. ती माती अंगठ्याने खालून वर सारायची, त्यामुळे पाठ केसाळ वाटत होती. पोटाजवळ अजून गुळगुळीत व्हायचं होतं.

शिमग्याला दिशा आली. तिनेही बघितलं.

"बाबा, हे काशीदला देऊ नका," ती म्हणाली. "आहे तसं सुकू द्या. मी काचेची पेटी करून घेते. घरात ठेवू."

"शिंगं नाहीत त्याला."

"नसू देत. आईने केलंय तेवढं पुरे."

"शिंगांशिवाय ती नुसती घूस आहे."

"मग असू दे ना घूस."

 ती रागावली नव्हती. जाताना तिने घुशीच्या डोक्यावरून बोट फिरवलं, जसं लहानपणी उंदरांवरून फिरवायची.

चैत्रात शिवानी आली. तिला तुळशीचं कळलं होतं. आधी फोन केला होता, पण कामाचं विचारलं नव्हतं. आता दालन उघडायचा दिवस जवळ आला होता, म्हणून ती आली होती. बराच वेळ तिने विषय काढला नाही. शेवटी मीच गोणपाट काढलं.

ती एका बाजूने फिरून दुसऱ्या बाजूला आली. समोर थांबली. "छान झालंय काका," ती म्हणाली.

मी आयुष्यभर गिऱ्हाईकं बघितली आहेत. छान झालंय म्हणून जो पुढे काही बोलत नाही, त्याला काहीतरी खटकलेलं असतं.

"काय चुकलंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"बोल पोरी. माती आहे, ओली आहे."

तिने हातांकडे बोट दाखवलं. "हे हात."

मी बघितलं आणि मला काही दिसलं नाही. उंदराचे हात होते. मग तिने स्वतःचे हात छातीशी घेऊन दाखवले, ओंजळ केल्यासारखे, आणि मला एकदम दिसलं. तुळशीने घुशीला मोदक धरायला बसवलं होतं. दोन्ही तळव्यांमध्ये मोदकाएवढी पोकळी होती. फक्त मोदक नव्हता. मी पौषापासून रोज तिच्यावर पाणी मारत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण आमच्याकडे उंदराचे हात दुसरे कसे असतात हेच मला माहीत नव्हतं.

कृष्णाबाई माती तिंबता तिंबता म्हणाली, "मी तिला तवाच इचारलं होतं, मोदक कधी ठेवनार."

"काय म्हणाली ती?"

"हसली. म्हनली, याला नैवेद कोन दाखवतंय."

म्हणजे तिलाही नंतर दिसलं असावं. की ती नुसतं हसली होती, हे आता कोण सांगणार.

"याचे पुढचे पाय खणायचे," शिवानी हळू बोलत होती. "जाड, आखूड, जमिनीला टेकलेले. नखं लांब. तेच तर महत्त्वाचं आहे याचं, शिंगांइतकंच. पण राहू द्या काका. असे प्राणी खाताना बसतातही दोन पायांवर. मी खाली पाटीवर लिहीन तसं."

"मुलं पाटी वाचतात?"

ती म्हणाली, "खरंच राहू द्या. तुम्ही शिंगं तेवढी लावून द्या." बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, गोणपाटाकडे बघत होती. तिला माझी कीव आली होती. चांगली मुलगी आहे. पण तुळशीचं काम कोणी कीव करून घेतलेलं मला सहन झालं नसतं, आणि तुळशीला तर नाहीच.

मी शिवानीला म्हटलं, कळवतो.

संध्याकाळी दिशाला फोन केला. हात चुकले आहेत, शिवानी चालेल म्हणते, पण ते काढून नवे करावे लागतील, असं सांगितलं.

 "बाबा," ती म्हणाली, "आईने शेवटचे केलेले हात तुम्ही कापणार?"

"ठरवलं नाही अजून."

"त्या मॅडम चालेल म्हणाल्या ना? मग तुम्हालाच काय झालंय?"

मी फोन ठेवून गोणपाट भिजवायला गेलो.

ऊन वाढत गेलं. पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही. गोणपाट जेवणाच्या आत कोरडं व्हायला लागलं. इतके महिने ओली राहिल्यामुळे मातीला वास येऊ लागला होता, पोटाखाली काळे ठिपके धरले होते. तार गंजून तिचा तांबडा डाग एका खांद्यावर फुटला. त्या खांद्यापाशी बारीक चीर गेली. मी ओल्या बोटाने ती बुजवली, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होती. अशी ठेवून ठेवून घूस राहणार नव्हती. मी काही केलं नाही तरी हात गळून पडणारच होते, फक्त ते मी केलं असं झालं नसतं.

मला एक वर्ष आठवत राहिलं. काशीदचं एक कुटुंब मूर्ती न्यायला आलं होतं. मूर्ती गाडीत ठेवली, आणि तुळशी घाईने बाहेर आली. उंदराचा एक कान खाली बसला होता. ती म्हणाली, उंदीर द्या, दुसरा देते. ते गृहस्थ म्हणाले, "अहो वहिनी, आम्हाला चालतोय."

"तुम्हाला चालेल हो," ती म्हणाली. "त्याला देवासमोर बसायचंय."

तिने उंदीर घेतला आणि शेडमधल्या टाकीत टाकला. चुकलेली माती आम्ही त्या टाकीत भिजत घालतो. ती विरघळते, गाळली जाते, पुढच्या मूर्तीला लागते. मी म्हटलं, अगं, एवढा रंगवलेला. ती दुसरा पुसत होती, मागे बघितलंही नाही. रंगवलेला होता की नव्हता याने तिला काही फरक पडत नसे.

शेवटी एका दुपारी मी शिंगं करायला बसलो. हात नंतर बघू म्हटलं. शिंगं माझीच होती, तिने मला दिलेली. ताजी माती घेतली, दोन वळ्या केल्या, शेंड्याला निमुळत्या केल्या. नाकाच्या हाडावर कोरणीने खाचा पाडल्या, चिखल लावला, बसवली. बोटाने सांधे पुसले. काम सुरू झाल्यावर बरं वाटलं. कित्येक दिवसांनी मी काही बनवत होतो.

कृष्णाबाई पाणी प्यायला उठली आणि थांबली.

"हे एक मोडकं कशापाय रे?"

मी मागे सरून बघितलं. एक शिंग लांब, टोकदार. दुसरं अर्ध्यावर थांबलेलं, वरून कोरणीने तिरकं छाटून सपाट केलेलं. जसा गणपतीचा मोडका सुळा करतात तसं, अगदी नीट. मी कोरणी कधी चालवली ते मला कळलंही नव्हतं. हातानेच करून टाकलं होतं.

"घुशीला एकदंत केलास," कृष्णाबाई म्हणाली. "आता मोदक बी दे, म्हंजे झालं."

मला हसू आलं. तीही हसायला लागली, पदर तोंडाला लावून. हसता हसता मी ते तोकडं शिंग उपटलं आणि टाकीत टाकलं. डुबूक असा आवाज झाला. दुसरं करायला माती घ्यायला मी हात पुढे केला आणि तसाच राहिलो.

मी काहीही विचार न करता ते टाकलं होतं. चुकलं म्हणून टाकलं. आणि तिचे ते हातही तसलेच होते. तिच्या हातांनी त्यांना माहीत होतं ते केलं, माझ्या हातांनी मला माहीत होतं ते केलं. तिची चूक मी देवासारखी पाण्याने पुजत बसलो होतो, आणि ती असती तर तिने ती एव्हाना विरघळवून, गाळून, दुसऱ्या कशाला तरी लावलेलीसुद्धा असती.

आधी मी दुसरं शिंग पुरं केलं. दोन्ही सारखी झाली. मग माती कापायची तार घेतली.

"तिला इचारलंस?" कृष्णाबाई आता हसत नव्हती.

"तिनं मला विचारलं नसतं."

सांगाड्याची तार खांद्यापर्यंतच होती, पहिला हात चिरेपाशीच सहज सुटला. दुसरा घट्ट होता. काखेत माती दाबून बसवताना तुळशीने अंगठा आत घातला होता, तो ठसा मला पहिल्यांदा दिसला, कापायची तार आत गेल्यावर. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर झालं नसतं. दोन्ही हात माझ्या तळव्यावर घेतले. आतल्या पोकळीत माझं बोट बसत होतं. टाकीत ते मी टाकले नाहीत, माझा तळवा पाण्याखाली नेऊन सोडले. थोडा वेळ दिसत होते, मग पाणी गढूळ झालं.

नवे पाय करायला उरलेली दुपार गेली. शिवानीचा फोटो समोर ठेवून केले. जाड, आखूड, पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला, एकेक नख वेगळं वळून लावलं. धड पुढे झुकवावं लागलं, त्यासाठी सांगाडा खालून वाकवला. मान तेवढी वर राहिली, तुळशीने केली होती तशी. ती मी तशीच ठेवली. बिळातून बाहेर येणारा प्राणी आधी वरच बघणार. पाठीवरचे ठसे पुसले नाहीत. पोट मात्र गुळगुळीत केलं, ते तिला करायचंच होतं.

पुरं झाल्यावर मी गोणपाट घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन शेडमध्ये गेलो, आणि सवयीने तांब्या भरून घुशीपर्यंत पोचलोही. मग तांब्या खाली ठेवला. कान आणि शिंगांची टोकं पांढरी पडायला लागली होती. शाडू सुकताना आधी कडा पांढऱ्या होतात, मग बाकीचं अंग.

दिशाला फोन करून सांगितलं, हात काढले. ती रडली. मी फोन धरून उभा राहिलो. मग तिने विचारलं, "आता कशी दिसते?"

"खणायला निघाल्यासारखी."

"मी येईन काशीदला बघायला," ती म्हणाली. "तुम्ही पण चला."

कृष्णाबाई आली. घुशीकडे बघितलं, खाली ठेवलेल्या तांब्याकडे बघितलं, आणि तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं. मग टाकीपाशी जाऊन हात घालून तळाची माती वर काढली. मऊ झाली होती, लोण्यासारखी.

"ही कशाला लावू? मूर्तींच्या ढिगात टाकू?"

"नको. वेगळी ठेव. उंदरांना लागेल."

"उंदीर करनार कोन आता?"

"मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझा उंदीर मी बगितलाय येकदा. तुळशी आजारी व्हती त्या साली. डुकराचं पिल्लू वाटलं व्हतं मला."

"तूच केलीस तेव्हा थट्टा. गिऱ्हाईक काही बोललं नाही."

"ते लाजलं असंल." तिने तो गोळा तिंबायला घेतला, आणि तिंबता तिंबता त्यातून एक लहान तुकडा तोडून माझ्यापुढे पाटावर ठेवला. "कर बगू. आत्ताच कर. चुकला तर टाकी हाय."

मी पाट पुढे ओढला. मागचे पाय, पोट, मान वर. मग दोन बारीक हात केले, छातीशी आणले, आणि मध्ये मोदकापुरती जागा ठेवली.